गव्हाणीतली ढेप

बैलांच्या गव्हाणीत भिजत घातलेली सरकीची ढेप रामी दोन्ही हातांनी खात होती. मोट थांबवून रंगराव आले, तेव्हा तिनं मान वर केली. पळाली नाही. परकरानं तोंड पुसलं.

"थोडीशीच खाल्ली, बाबा. मायले सांगू नका."

रंगरावांनी तिला कडेवर घेतलं. अकरा वर्षांची पोर कोकराएवढी हलकी झाली होती.

वाशीमच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. गेल्या उन्हाळ्यात, १९१९ साली, रामी सारखी पाणी मागू लागली, अंगानं झडू लागली. ती लघवीला बसे तिथं मुंग्या जमू लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पोटात एक ग्रंथी असते, तिच्या रसानं अन्नातली साखर अंगी लागते. पोरीचा तो रस आटला आहे. औषध जगात कुठंच नाही. विलायतेत शोध चालू आहेत. तोवर उकडलेली पालेभाजी आणि ताक, एवढंच द्या. जितकी उपाशी राहील, तितकी जगेल.

रंगरावांनी ते मनावर घेतलं. सामानाच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. गिरजाबाईनं एकदा चोरून पोरीला भाताचा घास भरवला, तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा बायकोवर हात उगारला. बाजाराला गेले की वांग्यांची पाटी उतरवून आधी दवाखान्यात जात, औषध निघालं का विचारत. डॉक्टर नकारार्थी मान हलवत. पुढं पुढं रामीनं खायला मागणंच सोडलं, आणि पोर शहाणी झाली असं त्यांना वाटलं होतं.

घरी येऊन त्यांनी तिला बाजेवर ठेवलं. किल्ली सोडून गिरजाबाईच्या हातात दिली.

"गुळाची पोळी कर. तूप घाल चांगलं."

"डाक्तर काही म्हनले काय?"

"नाही."

गिरजाबाई किल्लीकडे पाहत उभी राहिली. मग तिनं परातीत कणीक घेतली. मळता मळता तिचे हात थांबले. रंगरावांनी चुलीत काटक्या सारल्या.

पोळी पुढ्यात आली, तशी रामीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"विलायतेचं औषध आलं काय, बाबा?"

गिरजाबाईनं तोंड फिरवलं.

"आलं," रंगराव म्हणाले. "खाय, माय."

रामीनं तुकडा मोडला. तो तसाच हातात धरून ती बापाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"मंग तुमी दोघंबी बसा माह्यापाशी."

रंगराव तिच्या बाजूला टेकले. रामी एकेक घास जिभेवर घोळवत, डोळे मिटून खात होती. ताटली रिकामी झाली, तेव्हा गिरजाबाईनं न विचारताच दुसरी पोळी तव्यावर टाकली.