निशाण कोणी उतरवलं

आमचे हे, कॅप्टन एवारिस्तो लारानेता, लढाईत आपल्याच जहाजाचं निशाण उतरवून, म्हणजे शरण जाऊन, जिवंत परत आले. तिथेच सगळं बिनसलं. आमच्या काय्याओ बंदराला मेलेला वीर हवा होता. बॉयलर फुटला होता, तोफा बंद पडल्या होत्या, भाजलेले खलाशी पाणी पाणी करत होते. पण लष्करी न्यायालयाचं म्हणणं एकच, शेवटचा माणूस पडेपर्यंत का लढला नाहीत? भर चौकात ह्यांच्या खांद्यावरची हुद्द्याची सोनेरी चिन्हं उपटली. एक काही केल्या निघेना, तेव्हा ह्यांनीच खांदा पुढे केला.

मग हे धक्क्यावर होडी चालवू लागले. हमाल ओरडायचे, "अॅडमिरलसाहेब, सरका जरा!" हे सरकायचे.

एका रविवारी ह्यांचा जुना सोबती उर्रुनागा घरी आला. तो आता मोठ्या हुद्द्यावर होता.

"वहिनी, तोंड गोड करा! सरकार बदललंय. ह्याचा हुद्दा परत मिळतोय."

"आणि त्या बदल्यात?" ह्यांनी विचारलं.

"एवढंच म्हणायचं, तू बेशुद्ध होतास. निशाण लेफ्टनंट मेलितोन आर्सेनं उतरवलं. तो बिचारा त्याच दिवशी गेला. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"त्याची आई आहे."

"पेत्रोनिलाबाई? अरे, ती तुझ्या नावानं बोटं मोडते!"

"मोडू दे. मेलितोन निशाणाची दोरी सोडत नव्हता. नका उतरवू म्हणून रडत होता. मी त्याचं एकेक बोट सोडवलं."

ही गोष्ट मलाही पहिल्यांदाच कळत होती.

"मूर्ख आहेस," म्हणत उर्रुनागा उठला.

"असेन," हे म्हणाले.

तो गेल्यावर माझा बांध फुटला. "तुम्हाला नको, कबूल. पण मी? चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसून आयुष्य गेलं माझं!"

"माहीत आहे गं. पण खोटं एकदा बोललं की जन्मभर लक्षात ठेवावं लागतं. दमलोय मी."

मी बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढे एकदा मासळीबाजारात पेत्रोनिलाबाई समोर आली. सवयीप्रमाणे म्हणाली, "आली भित्र्याची बायको."

भांडायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या मेलितोननं निशाणाची दोरी शेवटपर्यंत सोडली नव्हती. त्याची बोटं सोडवावी लागली."

"कोण म्हणतं?"

"ज्यानं सोडवली, तो."

म्हातारी हातातला मासा तसाच धरून उभी राहिली. कोळीण म्हणाली, "घेताय की नाही, बाई?" तेव्हा तिनं तो खाली ठेवला.

"सांग त्याला," ती म्हणाली, "मी माफ केलेलं नाही."

"सांगते."

"आणखी काय म्हणत होता माझा पोरगा? ते विचारून ये."

मग ती माझ्याबरोबरच आमच्या घराकडे निघाली. वाटेत ती दम खायला थांबली की मीही थांबत होते.