‘जातो’ नावाचं बटण

पूर्णा गावच्या त्या गोदामात सुवर्णा केणेला सुवर्णा म्हणून कुणी हाक मारत नसे. साडेतीनशे माणसांच्या तोंडी तिचं एकच नाव होतं, पासवर्डबाई. समोर ‘मॅडम’, पाठ फिरली की पासवर्डबाई. नाव काही खोटं नव्हतं म्हणा. कोण कुणाच्या नावाने मशीन चालवतंय, कुणी पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून खांबाला चिकटवलाय, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर नको त्याच्या नजरेला पडतायत का, हे बघायचं आणि दर तीन महिन्यांनी हेडऑफिसला लिहून पाठवायचं, हेच तिचं काम. ऑफिसात याला जोखीम सांभाळणं म्हणतात. गोदामात चुगली म्हणतात.

आता चुगलखोराबरोबर जेवायला कोण बसणार? ती कँटीनमध्ये शिरली की गप्पा बंद पडायच्या आणि नुसता चमच्यांचा आवाज उरायचा. तीन महिने तिने ते सोसलं. मग एके दिवशी डबा उचलला आणि मागच्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसली. तिथे पॅकिंगमधली कमळा वरठा आधीच बसलेली होती. पडघ्याच्याही पलीकडे डोंगराच्या अंगाला कमळाचा पाडा. तिलाही कँटीनमध्ये करमत नसे. तिच्या नागलीच्या भाकरीकडे लोक जरा जास्तच वेळ बघत.

पहिले पंधरा दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी कमळा म्हणाली, “ताई, कोरडी पोळी घशाखाली उतरते कशी तुमच्या?” आणि सुकटीची चटणी तिच्या डब्याच्या झाकणात ठेवली. त्याला आता दोन वर्षं झाली. कल्याण रोडला सुवर्णाच्या दोन खोल्या. आई जाऊन सहा वर्षं झालेली, भाऊ गुजरातेत. कामाशिवाय आपल्याशी बोलणारं दिवसभरात हे एकच माणूस आहे, हे सुवर्णाला पक्कं ठाऊक होतं. कमळाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

आणि नेमकं कमळाचंच नाव आलं.

झालं असं की ज्या कंपनीचा माल या गोदामात असे, तिच्या गिऱ्हाइकांना एकाएकी फोन येऊ लागले. ‘तुमचं पार्सल अडकलंय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा.’ काहींनी सांगितला आणि फसले. कंपनीने शोध घेतला तेव्हा माग थेट पूर्ण्यापर्यंत आला. मागच्या आठवड्यातला मंगळवार, संध्याकाळी सात-वीस ते आठ, खोक्यांवरची माहिती वाचायच्या हातातल्या मशीनपैकी चौदा नंबरचा स्कॅनर, तीनशे बारा गिऱ्हाइकांची माहिती एकामागून एक उघडलेली. वापरणाऱ्याचं नाव कमळा वरठा.

“सुवर्णाजी, शुक्रवारी पाचपर्यंत नाव द्यायचंय,” हेडऑफिसमधून देवेश म्हणाला. देवेश तिचा साहेब. वयाने दहा वर्षांनी लहान आणि बोलायला लोण्यासारखा मऊ. “नवीन कायदा आलाय. लोकांची माहिती बाहेर गेली तर कंपनी आपल्याला सोडणार नाही. नाव मिळाल्याशिवाय ते फाइल बंद करणार नाहीत.”

“नाव आहे हो, पण माणूस ती नाही. सवासहाच्या बसच्या वहीत तिची सही आहे. सात-वीसला ती पडघ्यात होती.”

“मग तिच्या नावाने कोण होतं?”

तेच तर कळत नव्हतं. चार्जिंगच्या रॅकवरचा कॅमेरा दोन महिने आंधळा होता. सुवर्णाने त्याबद्दल तीनदा लिहिलं होतं आणि तिन्ही पत्रांना पोच आली होती, कॅमेरा आला नव्हता. दुसऱ्या पाळीतली निम्मी माणसं कंत्राटी, त्यातली अर्धी तर त्या आठवड्यातच बदललेली. चोर केव्हाच पसार झाला होता. हाती राहिलं होतं ते कमळाचं उघडं ठेवलेलं नाव.

उघडं का ठेवलं, हे मात्र शोधता येण्यासारखं होतं. सुवर्णाने आजवर कधी न चाळलेली मागच्या चौदा महिन्यांची नोंद काढली आणि बघतच राहिली. ज्यांच्या स्कॅनरची भाषा हिंदी होती ते सगळे पाळी संपली की शहाण्यासारखे मशीनमधून बाहेर पडत होते. ज्यांची मराठी होती त्यांच्यापैकी, पहिल्या दिवसाची एक नोंद सोडली तर, एकही माणूस, अगदी एकही, बाहेर पडत नव्हता. स्कॅनर तसाच चार्जिंगला लावायचे आणि घरी जायचे. दुसऱ्या पाळीचा माणूस तो उचलायचा आणि पहिल्याच्या नावावर काम सुरू करायचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा तो कारभार. मराठी माणूस आळशी म्हणावा, तर हीच माणसं खोकं न खोकं मोजून लावत होती.

बुधवारी जिन्यावर तिने कमळाला विचारलं. चौकशी चालू असलेल्या माणसाबरोबर जेवू नये असा नियम होता. तो सुवर्णानेच लिहिला होता आणि त्या दिवशी तिनेच मोडला.

“मना कामावरनं काढतील का, ताई?” कमळाने आधी तेच विचारलं. “काढलं तं मंग भट्टीच हाय परत. पावसाळा सरला का ईटा थापायच्या, पोरांची शाळा सोडून समदी तिकडंच.”

“नाही काढणार. पण मला खरं सांग. निघताना मशीनमधून बाहेर का पडत नाहीस? ते लाल बटण दाबायचं, शिकवलं होतं ना मी?”

कमळाने भाकरीचा तुकडा हातातच धरला. “कोनीच न्हाय दाबत.”

“का पण?”

“तेच्यावर काय लिवलंय?”

“‘जातो’ लिहिलंय.”

“मंग?” कमळा तिच्याकडे अशी बघत राहिली, जणू पुढचं काही सांगायची गरजच नाही. सुवर्णाला काही कळलेलं नाही हे दिसल्यावर, लेकराला सांगावं तसं तिने सांगितलं. “ताई, निघताना ‘जातो’ कोन म्हनतं? ‘येतो’ म्हनायचं असतं. जिथं पोट भरतंय त्या जागेला ‘जातो’ सांगून कसं निघायचं? पयल्या दिशी आमच्या पॅकिंगमंदल्या चिंधूनं दाबला, हसत हसत. चार दिसांनी शिडीवरनं पडला, पाय मोडला, आजून कामावर न्हाय. मी तसलं मानत न्हाय. पन बोटच जात न्हाय तिकडं.”

सुवर्णाने डब्याचं झाकण लावलं. कमळाने पाण्याची बाटली पुढे केली आणि सहज म्हणाली, “ज्यानं कोनी ते लिवलंय ना, तेच्या घरात मानूस न्हाय वाटतं.”

ते सुवर्णाने लिहिलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी हेडऑफिसने सांगितलं की स्कॅनर मराठीत करा, शब्द तुम्हीच सुचवा. लॉगिन, लॉगआउट नकोत, लोकांना आपले वाटतील असे साधे शब्द हवेत, असं तिच्या मनाने घेतलं. वर आपल्या खोलीत बसून तिने आत शिरायला ‘आलो’ लिहिलं आणि बाहेर पडायला ‘जातो’. बाईमाणसालाही ‘आलो’-‘जातो’च दाबावं लागणार होतं, पण त्याची कुणी तक्रार केली नाही. देवेशने ‘व्हेरी स्वीट’ असं उत्तर पाठवलं. ती चार दिवस खुशीत होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा.

हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? आगरी घरात वाढलेली पोर. लहानपणी चुकून ‘जाते’ तोंडातून निघालं तर आई उंबऱ्यावरून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि ‘येते’ म्हणवून घेऊनच सोडायची. पण आई गेल्यावर ती कुणाला ‘येते’ म्हणणार होती? सहा वर्षं ती कुलूप लावून, ते दोनदा ओढून बघून निघत होती. न वापरलेलं भांडं जसं माळ्यावर जातं, तसा तो शब्द तिच्या तोंडातून गेला होता, आणि गेलाय हे तिला समजलंही नव्हतं. दुपारभर ती खोलीचं दार लावून बसली. तिला आपली लाज वाटली. लाजेपेक्षाही जास्त, आपण किती एकट्या आहोत हे एका बटणावरून खालच्या साडेतीनशे माणसांना रोज वाचायला मिळत होतं, याचं तिला रडू आलं.

कमळाला तिने काही सांगितलं नाही. गुरुवारी अहवाल मात्र खरा लिहिला. मूळ कारण, बटणावरचा चुकीचा शब्द. तो शब्द निवडणारी व्यक्ती, सुवर्णा केणे. कर्मचाऱ्याचा दोष नाही. शुक्रवारी तीनला देवेशचा फोन आला.

“सुवर्णाजी, हे काय लिहिलंय? लोक ‘जातो’ म्हणत नाहीत म्हणून माहिती चोरीला गेली? हे मी कंपनीला पाठवू?”

“खरं आहे ते.”

“असेल. पण तिने नियमावर सही केलीय ना? ‘माझ्या नावाने जे होईल त्याला मी जबाबदार.’ तुम्हीच वाचून दाखवलंय, तुम्हीच सही घेतलीय.”

“मग माझं नाव घाला. मी आहे जबाबदार.”

“तुमचं नाव घातलं तर नियम करणाऱ्याचाच पाय घसरला असं होतं. मग तुमचे आधीचे सगळे अहवाल ते परत तपासणार. काम थांबलं तर खालच्या साडेतीनशे जणांचं काय, तुम्ही सांगा.” त्याचा आवाज शेवटपर्यंत मऊ राहिला. “शब्द बदलू या ना. तेही लिहू. पण एक नाव लागेल.”

चारला त्याने सुधारलेला कागद पाठवला. मूळ कारण, कर्मचाऱ्याने नियम पाळला नाही. उपाय, कर्मचारी कमी केला, बटणावरचा शब्द बदलला. खाली सहीची जागा होती. सुवर्णा पाऊण तास त्या कागदासमोर बसून होती. साडेतीनशे माणसं एका पारड्यात टाकली की दुसऱ्या पारड्यातलं एक माणूस कुणालाही हलकंच वाटतं. ते तिलाही वाटू लागलं आणि त्याचीच तिला भीती वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोरीला गाठ आपण मारायची. पाचला दहा कमी असताना तिने सही केली.

सोमवारी सकाळी कमळा कार्ड आणि जॅकेट परत करायला वर आली. काम सोडणाऱ्याने सुवर्णासमोर शेवटचं एकदा मशीनमध्ये शिरून बाहेर पडायचं, म्हणजे त्याचं नाव कायमचं बंद करता येतं, अशी पद्धत होती. चौदा नंबरचा स्कॅनर टेबलावर ठेवलेला होता. कमळाने आपलं नाव घातलं. पडदा उजळला. खाली लाल बटण होतं आणि त्यावर, शनिवारीच बदललेलं, ‘येतो’.

कमळा ते बघत राहिली. मग हसली, पण ते हसू सुवर्णाला बघवेना.

“आता बराबर लिवलंय,” ती म्हणाली. “पन आता मी कुठं येते, ताई? खोटं कसं दाबू?”

तिने हात मागे घेतला. बाहेर ट्रक उलटा घेताना कुणीतरी ‘आने दे, आने दे’ ओरडत होतं.

“कमळा,” सुवर्णा म्हणाली, “आधीचं ते ‘जातो’ मीच लिहिलं होतं. आणि तुला काढायच्या कागदावर सहीही माझीच आहे.”

रागावेल, शिव्या देईल, काहीतरी करेल, म्हणून सुवर्णा थांबली. जॅकेटची घडी मोडली होती ती कमळाने नीट घातली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

“लिवायच्या आदी मना इचारायचं ना,” ती हळूच म्हणाली. “रोज शेजारी तं जेवत होतो.”

सुवर्णाने स्कॅनर स्वतःकडे ओढला आणि कमळाच्या नावाने बटण दाबलं. दुसऱ्याच्या नावाने मशीनला हात लावायचा नाही, हा या गोदामातला पहिला नियम. मशीनने एक बारीक टिर्र आवाज केला आणि कमळाचं नाव गेलं.

कमळाने पदर खोचला आणि ती दाराकडे वळली. रोज संध्याकाळी बसला पळताना याच दारात डोकावून ती ‘येते, ताई’ म्हणायची आणि सुवर्णा पडद्यावरची नजर न काढता ‘हं’ करायची. आज सुवर्णा मान वर करून, तिच्याकडे बघत, ‘ये’ म्हणायला थांबली होती. कमळा जिना उतरून गेली. ती काहीच म्हणाली नाही.