चाव्याची रुंदी

पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या कोपऱ्यावरचा चावा साडेचार सेंटीमीटर रुंद होता. ग्रंथपाल बाईंनी दोनदा पट्टी लावून पाहिली. दोन वर्षांच्या मुलाचा चावा तिनाच्या पुढे जात नाही.

लहानग्यांना घरी न्यायला बाईंनी चाळीस पिशव्या तयार केल्या होत्या. प्रत्येकीत अक्षरांचे ठोकळे, पुठ्ठ्याचं पुस्तक आणि कापडी ससा. "आधी एक मी घरी तपासतो, मग वाटू," म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांनी एक पिशवी नेली, त्याला दोन वर्षं झाली. बाकीच्या पिशव्या वाचनालयाच्या कपाटात धूळ खात होत्या आणि ज्यांच्यासाठी त्या शिवल्या, ती मुलं शाळेत जायला लागली होती. म्हणून आज बाई थेट अध्यक्षांच्या घरीच येऊन बसल्या होत्या.

"घरात लहान मूल कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"हे काय, समोर बसलंय," अध्यक्षांची बायको म्हणाली. "चौसष्ट वर्षांचं. सशाशिवाय घास उतरत नाही त्याच्या घशाखाली."

अध्यक्षांनी ससा पाठीमागे दडवला. "मुलं चावणारच, मग मी चावून बघायला नको? तपासणी म्हणजे तपासणी."

"मग निकाल काय लागला?"

"मनोरा अकरा ठोकळ्यांवर पडतो. बारावा बसला की कळवतो."

बाईंनी पट्टी त्यांच्या दातांसमोर धरली. "बरोबर साडेचार. अहवालात लिहू?"

अध्यक्षांचे कान लाल झाले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सशाकडे.

"उद्यापासून पिशव्या मुलांना द्या," ते म्हणाले. "एकोणचाळीस."