उशीवाचून निजलेले आजोबा

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. कापसाची नव्हे, लाकडाची. खाली दोन पाय, वर खोलगट पाठ. झिंबाब्वेतल्या एका खेड्यात सेकुरूंनी, म्हणजे आजोबांनी, मला स्वतःच्या मानेच्या मापानं कोरलं. तिकडची समजूत अशी की माझ्यावर मान टेकली की झोपेत पूर्वज भेटतात. सेकुरू रोज भेटून यायचे. सकाळी सांगायचे, "पणजोबा बरे आहेत. पावसाचं काही बोलले नाहीत." पणजोबा मेलेले होते, पण तब्येत विचारायला काय जातं?

मग सेकुरूही वारले. आमच्यात उशी माणसाबरोबर पुरतात. पण त्यांचा मुलगा चर्चमधला मोठा माणूस झाला होता. तो म्हणाला, "ख्रिस्ती कबरीत हे सैतानाचं सामान नको. जाळून टाका." सेकुरूंच्या बायकोनं "हो हो" म्हटलं आणि मला मक्याच्या पिठात लपवलं. ती रविवारी चर्चचा गणवेश घालून येशूची प्रार्थना करायची आणि घरी येऊन पिठाच्या पोत्यापुढे गुडघे टेकायची. दोन्ही बाजूंकडून कधी तक्रार आली नाही.

सेकुरू मात्र मातीत उशीवाचून राहिले. मेल्यावरही मान अवघडते, मित्रांनो. हे कुणी सांगत नाही.

नात रुतेंडो नर्स होऊन साउथहॅम्प्टनला निघाली, तेव्हा आजीनं मला तिच्या बॅगेत कोंबलं. नाईट ड्यूटी करून रुतेंडो दुपारी झोपायची आणि सेकुरू पायथ्याशी उभे राहायचे. बोलायचे नाहीत. नुसती मान चोळायचे. हळूहळू तिची झोपच उडाली. वॉर्डात ती पेशंटांची नावं चुकू लागली. तिच्या चर्चचे पास्टर म्हणाले, "जाळ ते लाकूड." तिनं मला बागेत नेलं, काडी ओढली. काडी विझली. दुसरीही विझली. वारा नव्हता.

जाळवत नाही आणि ठेववतही नाही, तेव्हा तिनं मला वॉर्डातल्या डॉक्टर वैजयंतीला देऊन टाकलं. "छोटं स्टूल आहे," एवढंच म्हणाली.

"अय्या, बाप्पाला चौरंग!" वैजयंती म्हणाली. गणपती चार दिवसांवर आले होते. माझ्या खोलगट पाठीवर शाडूची मूर्ती चपखल बसली. माझ्यावर डोकं ठेवतात, बसत नाहीत. पण बसणारा देव होता, तोही पाहुणा, म्हणून मी काही बोलले नाही.

सेकुरू माझ्या मागोमाग आलेच. दुपारी सोफ्यावर लवंडलेला वैजयंतीचा नवरा अतुल ओरडत उठला. मान वाकडी.

"कोण म्हातारा होता गं? तिथे मखराजवळ उभा राहून मान चोळत होता."

"पितृपक्ष यायचाय अजून. तुमच्याकडचे लवकर आले वाटतं."

"आमचे आजोबा पुण्याहून लोणावळ्याला जायला कुरकुरायचे. ते कुठले येतायत साउथहॅम्प्टनला!"

रविवारी आरतीला वैजयंतीनं वॉर्डातल्या चौघींना बोलावलं. रुतेंडोही आली. मखरात तिनं मला पाहिलं. ती गुडघ्यांवर बसली, तळवे खोलगट करून संथ टाळ्या वाजवू लागली. आमच्याकडे वाडवडिलांना अशीच हाक घालतात.

"आई, तिचा टाळी वेगळा वाजतो!" वैजयंतीची इंग्लंडात वाढलेली छोटी तनू म्हणाली.

आरती संपली तरी रुतेंडोचे हात थांबेनात. मग रडत तिनं सगळं सांगितलं. "पास्टर म्हणतात तो सैतान आहे. मी ख्रिस्ती आहे, डॉक्टर. मी काय करू?"

"सैतान?" वाकड्या मानेनं अतुल म्हणाला. "अगं, म्हाताऱ्याला उशी हवीय. तुझं धर्मांतर नकोय."

वैजयंती म्हणाली, "कबरीत नेऊन ठेव ना."

"वडील कबरीला हात लावू देणार नाहीत."

"विचारलंस?"

रुतेंडोनं विचारलं नव्हतं. वैजयंतीनं बाप्पाला नमस्कार करून पाटावर बसवलं, मला पुसून रुतेंडोच्या मांडीवर ठेवलं. रुतेंडोनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला फोनसमोर धरलं. जाळून राख झाली असं ज्यांना वाटत होतं, ती मी त्यांच्यासमोर होते. मला वाटलं, आता बायबलमधली वचनं सुरू होतील.

"बाबा," ती म्हणाली, "सेकुरू माझ्या झोपेत येतात. मान चोळतात."

पडद्यावर सेकुरूंच्या त्या मुलानं उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

"तुझ्याकडेही डावीच बाजू चोळतात का?"

डिसेंबरात तो स्वतः कबर उकरणार आहे. प्रार्थना तो म्हणेल, टाळ्या आजी वाजवेल. तोवर मी रुतेंडोच्या कपाटात टॉवेलात गुंडाळलेली आहे. सेकुरू दाराबाहेर उभे असतात, पण आता घाई करत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, जुनं लाकूड चुलीत घालण्याआधी त्यावर कुणाची मान टेकत होती, एवढं विचारा. आणि कुणी मान चोळत तुमच्या पायथ्याशी उभं राहिलं, तर आधी उशी द्या. धर्म नंतर विचारता येईल. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो.