चार बोटं खाली

पोलादी टेप खटकन मिटली आणि खुर्चीत पेंगणाऱ्या अण्णांनी डोळे उघडले. सून जमिनीवर उकिडवी तशीच बसून राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"झालं माप?" त्यांनी विचारलं, शिंप्याला विचारावं तसं.

तिने माप खुर्चीचं घेतलं होतं. या खुर्चीत सासरे कुणाचा हात न धरता बसत. गाडीची सीट एवढी खाली आणली की काम फत्ते, असं नवऱ्याचं म्हणणं.

गाडी अण्णांच्या तरुणपणातली, फुगीर गालांची, उंच. घरातली माणसं एकेक करून अण्णांच्या आठवणीतून निसटत चालली होती. सुनेला ते 'बाई' म्हणत, नातीला शेजाऱ्यांची समजत. पण गाडीत बसवलं की ताळ्यावर येत. स्टिअरिंगवर हात ठेवून मुलाला म्हणायचे, गधड्या, क्लच जाळशील. आणि तो चाळिशीला टेकलेला गॅरेजवाला शिव्या खाऊन दिवसभर शीळ घालत हिंडायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला. एक पाय आत, एक बाहेर, असे अण्णा दारातच अडकले आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून गाडी बंद, आणि मुलाची ओळखही बंद.

म्हणून गाडी बुटकी करायची. त्या गाडीसाठी आखूड स्प्रिंगा कुठे मिळेनात. शेवटी नवऱ्याने पुढच्या मूळ स्प्रिंगाच काढल्या आणि ग्राइंडरने त्यांचे वेढे कापले. मागे पाट्यांच्या स्प्रिंगांशी ठोकळे बसवले, शॉक अॅब्सॉर्बर नवे घातले. गिऱ्हाइकांची कामं आटोपली की तो गाडीखाली शिरायचा, ती बॅटरीचा उजेड धरून बसायची. ठिणग्या उडाल्या तेव्हा तिने विचारलंही, पुन्हा लांब करता येतील ना? तो खालूनच म्हणाला, पुन्हा कशाला?

गाडी चार बोटं खाली आली. नवऱ्याने स्वतः दहादा चढउतर करून पाहिली, लेकीलाही करायला लावली. मग अण्णांना धुतलेला सदरा घालून बाहेर आणलं.

गाडीत बसण्याआधी टपावर कोपर टेकवून क्षणभर उभं राहायची त्यांची जुनी सवय. कोपर उचललं, टेकवायला गेले, तर खाली टप नव्हताच. तोल गेला. मुलाने सावरलं. अण्णांनी मागे सरून गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"छान आहे," ते अदबीने म्हणाले. "कुणाची?"

तुमचीच की, अण्णा, असं नवरा पुन्हा पुन्हा सांगत राहिला. रंग दाखवला, दारावरचा पोचा दाखवला, इंजिन चालू केलं. अण्णांनी कान देऊन ऐकलं आणि कौतुकाने मान डोलावली. आवाज अगदी आमच्या गाडीसारखा काढलात हो, म्हणाले. पण आत बसायला तयार होईनात. मालकाला न विचारता दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नसतं, हे त्यांनीच या मुलाला कधीतरी कान पिळून शिकवलेलं.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, माणूस दुखावू नये म्हणून, "आमची तेवढी लवकर द्या."

नवऱ्याने इंजिन बंद केलं. गाडीखाली जाऊन आडवा झाला, हातात पाना नव्हता, बॅटरी नव्हती. बाहेर फक्त त्याची पावलं दिसत होती, बाहेरच्या बाजूला कललेली. तिने वाकून हाक मारली. त्याने पावलं आत ओढून घेतली. कापलेलं लोखंड जोडलं तरी पहिल्यासारखं लवचीक राहत नाही, हे त्यानेच तिला कधीतरी शिकवलं होतं. आता ते तोंडातून काढण्याची दोघांचीही हिंमत नव्हती.

ती उंबऱ्याशी येऊन बसली. अण्णांची खुर्ची फाटकापाशी नेऊन ठेवली होती, तोंड रस्त्याकडे. लेक त्यांच्याशी काहीतरी कुजबुजली आणि धावत येऊन आईच्या मांडीवर रेलली.

"आजोबा म्हणतात, त्यांचा मुलगा गाडी घेऊन येणार आहे. मग ते घरी जाणार." तिने फाटकाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आई, कधी येणार गं त्यांचा मुलगा?"