मापाची कामटी

कडाड् असा आवाज झाला. रामाजीच्या अंगणातल्या कोंबड्या कुंपणाखालून शेजारी पळाल्या आणि शेजारचा चैतू कुंपणावरून इकडे आला.

"काय पडलं जी, रामाजी भाऊ?"

"काई नाई पडलं."

रामाजीच्या दोन्ही हातांत सागाचा एकेक तुकडा होता आणि दोन्ही तुकड्यांच्या टोकांना एकच दोरी बांधलेली होती. घटकाभरापूर्वी ते धनुष्य होतं. चैतूने ते निरखून पाहिलं. टोपल्या-सुपं विणणारा माणूस तो, घाईने मत देत नसे.

"धनुष्य होतं काय?"

"हाव."

"आता दोन झाले. एक वहिनीले, एक तुमाले."

चुलीपाशी बसलेल्या गिरजाबाईने पदर तोंडाला लावला. हसू लपवायची तिची ती जुनी रीत होती, पण पदरामागे खांदे हलायचे ते हलतच.

रामाजी आलापल्लीकडच्या त्या गावातला एकुलता एक सुतार. त्याची दारं पावसाळ्यात फुगत नाहीत असं लोक म्हणत, आणि तोही कधी नाही म्हणत नसे. खिशात टेप असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्याचा खरा विश्वास कामटीवर. कुणाकडे दाराचं माप घ्यायला गेला की बांबूची पातळ कामटी चौकटीला लावायची, बरोबर तेवढी तोडायची आणि घरी आणून खुंटीला टांगायची. "इंच माणूस विसरते, कामटी नाई विसरत," असं तो म्हणायचा. एवढ्यावरही भागत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तीच कामटी तिथेच लावून पाहायचा. काम पुरं झालं की कामटी चुलीत. झालेल्या कामाचा पसारा घरात ठेवायचा नाही, हा त्याचा नियम होता. त्याच्या स्वतःच्या घराचं दार मात्र रात्री दगड लावल्याशिवाय मिटत नसे. सुतार घरचं काम सर्वांत शेवटी करतो, आणि तो शेवट काही येत नाही.

अशा माणसाला धनुष्याचं वेड लागायचं कारण म्हणजे बचत गट. गटाच्या अध्यक्ष इंदुताईंनी बैठकीत सांगितलं होतं की संक्रांतीनंतर अहेरीला महिलांचा मेळावा आहे. संगीत खुर्ची आहे, रस्सीखेच आहे आणि औंदा तिरंदाजीही ठेवली आहे. धनुष्य विकतचं चालणार नाही, घरी केलेलं लाकडाचंच हवं. "कोण उतरते यात?" असं विचारल्यावर बायका एकमेकींना कोपरं मारून हसू लागल्या, आणि गिरजाबाईने हात वर केला. इतक्या वर्षांत ती बैठकीत चहाला हो म्हणण्यापलीकडे बोलली नव्हती.

तिचं माहेर एटापल्लीच्या पलीकडे, रानाच्या पोटात. बाप बुधू धानाच्या बांधावर राखणीला बसायचा आणि पोरीला शेजारी बसवून कुंपणावरच्या वाळक्या भोपळ्यांवर नेम धरायला शिकवायचा. पोरीसाठी त्याने वेगळं धनुष्य केलं होतं. लग्न झालं तेव्हा नवी सून धनुष्य घेऊन आली तर सासरचे हसतील म्हणून ती ते बापाच्या दाराशी टांगून आली. बाप गेला तेव्हा भाऊबंदांनी त्याच्या वस्तूंबरोबर तेही त्याच्याजवळ ठेवून मातीआड केलं. तिने तेव्हाही काही म्हटलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, पुन्हा दोरी कानापर्यंत ओढून पाहावी ही इच्छा तिच्या मनातून कधी गेली नव्हती.

बैठकीहून आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मले एक धनुष्य करून द्या."

तीस वर्षांच्या संसारात तिने सुताराकडे पाटसुद्धा मागितला नव्हता. रामाजी खूश झाला. "त्यात का मोठं हाये? देतो करून."

"कसं असते ते सांगू काय?"

"आता तू मले लाकडाचं सांगशीन?"

ती चुलीकडे वळली. आणि रामाजी कामाला लागला.

आलापल्लीच्या भागातला सुतार सागाशिवाय दुसऱ्या झाडाला लाकूड मानत नाही. रामाजीने सागाचा जपून ठेवलेला तुकडा काढला, आरशासारखा रंधला, आणि त्याचं काय झालं ते कोंबड्यांनाही कळलं. ज्याने जन्मभर वाकू नये अशा वस्तू केल्या, त्याला वाकणारी वस्तू करायची होती. पहिल्यांदाच त्याच्या हातून लाकूड वाकलं, आणि ते मोडलं.

"सागाचं नाई होत जी," चैतू म्हणाला. "कुऱ्हाडीच्या दांड्याले धामनाचं लाकूड काऊन लावतेत? लवते म्हून. पोटाले, म्हंजे दोरीच्या बाजूले, धामन घ्या आन् पाठीवर बांबूची पट्टी चिकटवा. मी देतो मानवेल, चांगला पिकलेला."

रामाजीला हे पटलं, पण दुसऱ्याच्या अकलेने काम केल्यासारखं दिसू नये म्हणून तो म्हणाला, "माह्याही मनात तेच होतं."

धामन आलं. मानवेल बांबू फोडून चैतूने लांब पट्टी काढून दिली. रामाजीने धामनावर ती गोंदाने चिकटवली, सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे करून टोकापासून टोकापर्यंत करकचून गुंडाळले आणि सावलीत वाळत ठेवलं. वाळल्यावर ट्यूब सोडली. काम झकास झालं होतं. फक्त बांबूच्या गाठी वर आल्या होत्या आणि त्या त्याच्या डोळ्यांत खुपू लागल्या. कारागीर माणसाला खडबडीत काही पाहवत नाही. त्याने रंधा घेतला आणि गाठी सपाट केल्या. गाठी गेल्यावर साल वेगळी दिसू लागली, म्हणून सालही काढली. मग काचेच्या तुकड्याने खरवडून त्याने बांबू असा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी.

या खेपेला कोंबड्या आधीच शहाण्या झाल्या होत्या. रामाजीने दोरीला हात घातला आणि त्या आपल्या आपण पलीकडे गेल्या.

कडाड्.

चैतूने तुकडा उचलून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "साल काहाडली तुमी? अवो, बांबूची सारी ताकत सालीतच रायते!"

"खडबडीत दिसत होतं."

"दिसू द्या नं! दार होय काय ते, पाव्हण्यानं हात फिरवाले?"

गिरजाबाईने पदर तोंडाला लावला. तिला बरंच काही ठाऊक होतं. बाप गाठींना बोटसुद्धा लावत नसे. ती एकदा उठून "अवो, ऐका तं" म्हणालीही होती. पण रामाजीने हात वर करून तिला थांबवलं. "तू नको सांगू. मी करतो आन् तुह्या हाती देतो." त्यात त्याचं प्रेम होतं, आणि थोडा ताठाही होता. नवऱ्याच्या प्रेमातून ताठा निवडून वेगळा काढता येत नाही हे ती केव्हाच शिकली होती, म्हणून ती तांदूळ निवडत बसली.

तिसरं धनुष्य मात्र साधलं. साल राहिली, गाठी राहिल्या. रामाजीने ते चौकटीवरच्या खुंटीला आडवं अडकवलं, दोरीला विहिरीची गरगडी लावली, आणि हळूहळू ओढत दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते डोळे बारीक करून पाहिलं. जी बाजू ताठ राहील तिच्या पोटाकडून थोडं धामन खरवडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा पाहायचं. जेवायला हाका मारल्या तरी त्याला ऐकू येईना. शेवटी एका सकाळी त्याने शेणाच्या ढिगाकडे नेम धरून बाण सोडला आणि तो पिसापर्यंत आत गेला.

गल्ली जमली. रामाजीने धनुष्य धोतराच्या सोग्याने पुसलं आणि दोन्ही हातांनी गिरजाबाईपुढे धरलं. "घे."

तिने ते घेतलं. पाय रोवून उभी राहिली आणि उभं राहण्यावरूनच जुन्या माणसांना कळलं की हिला येतं. तिने दोरी ओढली. दोरी छातीपर्यंत आली आणि थांबली. तिने श्वास घेऊन पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच.

"जेवली नाई काय वं, वहिनी?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

गिरजाबाई हसली नाही. धनुष्य तिने रामाजीच्या हातात परत दिलं. "हे माह्यं नाई होय."

"काऊन नाई? तुह्यासाठीच तं करून राह्यलो एवढे दिवस!"

"माह्यासाठी केले, पण सारे तुमच्याच मापाचे. वारलूच्या दाराचं माप घ्याले तुमी दोनदा गेले. माह्या हाताचं माप कधी घेतलं?"

ती रागावून बोलली असती तर रामाजीने उलट काहीतरी म्हटलं असतं. पण ती साधं बोलली होती. चैतूला एकदम बांबू भिजत घातल्याची आठवण झाली आणि तो कुंपणावरून गेला. बाकीचेही पांगले. रामाजी ते चांगलं, मजबूत, निरुपयोगी धनुष्य धरून अंगणात उभा राहिला. त्याला लाज वाटली. साऱ्या गावाच्या चौकटी त्याला पाठ होत्या आणि घरच्या माणसाचा हात केवढा हे त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी आला. हातात कामटी होती.

"उभी राय. वढते तशी."

गिरजाबाईने हात धुतले, पुसले आणि नसलेलं धनुष्य धरून उभी राहिली. डावा हात पुढे, उजवा कानाशी. रामाजीने कामटी तिच्या डाव्या मुठीला लावली आणि कानापर्यंत आणली. तिच्या इतक्या जवळ उभं राहून त्याने इतक्या लक्षपूर्वक काही पाहिलं त्याला फार दिवस झाले होते. तिची करंगळी वाकडी होती.

"हे बोट कवा मोडलं?"

"आपला प्रवीण रांगत होता तवा. मुसळ बसलं."

"मले नाई सांगितलं?"

"तुमी नागेपल्लीच्या शाळेचे बाकं करून राह्यले होते. घाईत होते."

रामाजीने कामटी तोडली. मग काय वाटलं कोण जाणे, ती परत तिच्या मुठीला लावून पाहिली. माप बरोबर होतं. खाली बसत तो म्हणाला, "आता सांग. तुह्या बाबाचं कसं होतं?"

आणि गिरजाबाई सांगू लागली. भाकरी करपेपर्यंत सांगत राहिली. धनुष्याची उंची ओढणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत असावी, मूठ तिच्या मुठीत मावावी, खरवडायचं ते पोटाकडूनच, आणि दोरी कुणी ओढून पाहायची तर ज्याचं धनुष्य त्याने. "गरगडीचे हात दुखत नाई जी, तिले का समजते?"

त्यानंतर अंगणात चौथं धनुष्य घेऊन दोघं दिसू लागली. ती ओढायची, तो पाहायचा. ती म्हणायची, "वरतं जड लागते," आणि तो वरून दोन हात कानस फिरवायचा. ती कधी त्याच्यावर डाफरायची, "आता पुरे, पापड करता काय त्याचा?" कोंबड्या बिनधास्त पायांत फिरू लागल्या. एका दुपारी दोरी सरळ तिच्या कानापर्यंत आली. ती ओरडली, "आली वं माय!" आणि लहान पोरीसारखी हसली. पदर तोंडाला लावायचं ती विसरली.

फक्त एक खोट राहिली. धामनाला जरासा पीळ होता आणि बाण टीचभर डावीकडे जायचा. मेळावा तोंडावर आला होता. रामाजी कष्टी झाला. "मोडतो हे. रातभर बसून दुसरं करतो."

गिरजाबाईने धनुष्य पाठीमागे धरलं. "खबरदार हात लावान तं! तीस वर्षं झाले, तुमच्यासंग राहून राह्यली. वाकड्याचा अंदाज हाये मले."

चैतू कुंपणाला धरून इतका हसला की कुंपण मोडलं.

अहेरीच्या मैदानावर गवताच्या भाऱ्यांना पोतं गुंडाळून, चुन्याची वर्तुळं काढून निशाण केलं होतं. कितीतरी गावांच्या बायका आल्या होत्या. कुणी नऊवारीत, कुणी सुनेचे बूट घालून. गिरजाबाईचा पहिला बाण पोत्याच्या डाव्या कडेने निघून गेला आणि मांडववाल्याच्या सतरंजीत रुतला. तिने रामाजीकडे पाहिलंसुद्धा नाही. टीचभर उजवीकडे नेम धरला. दुसरा बाहेरच्या वर्तुळात. तिसरा त्याच्या आत. शेवटचा सोडताना तिने डोळे बारीक केले, आणि रामाजीने ओळखलं की ही आता मैदानावर नाही, धानाच्या बांधावर आहे. बाण मधल्या चुन्यात जाऊन बसला. चुना उडाला. रामाजीच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याने ते चुन्यावर ढकललं.

नंबर आला तिसरा. पहिल्या दोघी रोज सरावाला जाणाऱ्या तरण्या पोरी होत्या. इंदुताईंनी स्टीलचा डबा बक्षीस दिला. परतीच्या एसटीत गिरजाबाईने डबा पायाशी ठेवला आणि धनुष्य मांडीवर. रामाजी समोरच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "धामन हाये. पाठीवर मानवेल. साल काहाडाची नाई, ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. गिरजाबाई आंघोळीचं पाणी तापवायला बसली. रामाजीने नियमाप्रमाणे झालेल्या कामांच्या कामट्या खुंटीवरून काढून तिच्यापुढे टाकल्या. वारलूचं दार, कुणाची खिडकी, कुणाचं कपाट. तिने एकेक मोडून चुलीत घातली. शेवटची तिने ओळखली. मुठीपासून कानापर्यंतची. तीही मोडायला घेतली.

रामाजीने वाकून ती तिच्या हातातून काढून घेतली.

"काऊन?" ती म्हणाली. "काम तं झालं नं?"

रामाजीने कामटीवरची राख बोटाने पुसली, ती पुन्हा खुंटीला टांगली, आणि दाराजवळचा दगड पायाने बाजूला सारून घरच्या चौकटीचं माप घ्यायला बसला.