पाचवे निशाण

उत्तमराव पाटलांच्या अंगणात दोन गडी जू आडवे धरून उभे होते आणि दोन्ही बैल त्या जुवाच्या एकाच बाजूला, डाव्या अंगाला, एकमेकांना रेटत उभे राहिले होते. पाखऱ्या तिथला जुना. गेली चार वर्षे ती जागा त्याची. चंद्र्या अकोल्याच्या बाजारातून कालच आलेला. त्याला तीनदा उजवीकडे नेले आणि तीनदा तो वळसा घालून परत आला. पाखऱ्याच्या बरगडीला बरगडी लावून, मान खाली घालून, तो भाबडेपणाने जुवाची वाट पाहू लागला. ओट्यावर बसलेल्या उत्तमरावांच्या हातातला अडकित्ता तेवढा थांबला होता.

त्यांची जोडी हाकणारा सूर्यभान खांबाला टेकून हे पाहत होता. महिनाभराच्या हिवतापाने त्याच्या अंगाचे चिपाड झाले होते. आज तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता, आणि पहिल्याच दिवशी हे दृश्य त्याच्या वाट्याला आले होते. बैल वयात येताना ज्या खांद्याला जुंपावा, तो खांदा तो जन्मभर सोडत नाही. वऱ्हाडातले शेंबडे पोरही बाजारात बैलाचे दात मोजण्याआधी विचारते, कोणत्या खांद्याचा? उत्तमरावांनी ते विचारले नव्हते. त्यांनी रंग पाहिला, शिंगांची कमान पाहिली. गुरांच्या बुळकांडीच्या साथीत मेलेल्या हौशाची, पाखऱ्याच्या उजव्या सोबत्याची, जागा भरायची होती आणि यंदाच्या पटाला, बैलांच्या शर्यतीला, अमरावतीहून डेप्युटी कमिशनर साहेब येणार होते. जोडी आरशात पाहिल्यासारखी दिसायला हवी होती. तशी ती दिसत होती. एकाच चांदण्यातून कापून काढावेत असे दोन पांढरेशुभ्र बैल, आणि दोघेही डावे.

"मालक," सूर्यभान शेवटी म्हणाला, "दोघंई डाव्या खांद्याचे हायेत."

"मले डोये नाईत का?" उत्तमरावांनी सुपारी तोंडात टाकली. "चार निशाणं आणली ना तुनं? मंग बैलाचा एक खांदा तुले काहून जड होऊन रायला?"

गडी खाली पाहून हसले. ते कुणाला हसले, हे सूर्यभानला कळले नाही.

पूर्णेच्या काठी बेलसरीला दर माघात शंकराच्या नावाने पट भरे. दोन वाटा, दोन छकडे, दोन जोड्या. झेंडी पडली की अर्ध्या मैलाची धाव. शेवटची धाव जिंकणाऱ्याला देवळातले भगवे निशाण मिळे. छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणत, आणि सूर्यभान हा सलग चार वर्षे निशाण आणणारा धुरकरी होता. तो बैलाला तुतारीच्या काठीचा खिळा टोचत नसे, शेपूट पिरगाळत नसे, ओरडतसुद्धा नसे. कासऱ्याच्या दोरातून त्याचे मन बैलाच्या मानेपर्यंत जाई, असे लोक म्हणत. ज्याने लागोपाठ पाच निशाणे आणली, त्याचे नाव पुढे दर पटाला, शंकराच्या नावानंतर आणि कुठल्याही पाटला-देशमुखाच्या नावाआधी, पुकारले जाई, तो मेल्यावरही. आजवर असे एकच नाव होते. त्या माणसाला पाहिलेले आता गावात कुणी उरले नव्हते, पण त्याचे नाव दर माघात हवेत एकदा उमटे आणि मग नदीच्या पात्रात विरून जाई. दुसऱ्याच्या शेतात आयुष्य गेलेल्या सूर्यभानला जमिनीवर कुठेही आपले नाव लिहायचे नव्हते. हवेत, वर्षातून एकदा, ते उमटावे एवढीच त्याची तहान होती.

पौषाच्या आरंभी अकोटाकडचे शेषराव घोडीवरून आले. त्यांची जोडी वाऱ्याची होती, पण ती हाकणारा पुंजाराम अजून कोवळा. त्यांनी सूर्यभानला बांधावर गाठले आणि आडपडदा न ठेवता मागणी घातली. माझ्या छकड्यावर बस. निशाण तुझ्या घरी चालत येईल.

"अन् मोजणी?" सूर्यभानने विचारले.

शेषराव घोडीच्या आयाळीतून बोटे फिरवत राहिले. मोजणी पुन्हा एकपासून, हे दोघांनाही ठाऊक होते. पटाची रीत तशी होती. निशाणे मोजायची ती धुरकऱ्याची आणि जुवाची मिळून. जुवाचा मालक बदलला की मागचे सारे पुसले. "रीत मी नाई केली, बापा," ते म्हणाले. "पण तुयं वय का लय झालं? पाच साल अजून मारशीन."

सूर्यभान हसला. पाच साल. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते आणि उजव्याच्या कडेला धुके जमू लागले होते. दोन गोष्टी जवळ असल्या की त्यांतले अंतर त्याला कळत नसे. हे फक्त बायकोला, गोदाबाईला, माहीत होते. त्या रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, "जा ना त्याइच्याकडे. पाचवं नाई आलं त का व्हते? सूर्य उगवत नाई का?"

"तुले दिसन तो," सूर्यभान म्हणाला. "मले दिसन का नाई, ते सांगता येत नाई."

तिने ताटातली भाकर उगाच मोडून बारीक केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चंद्र्याला उजवीकडे जुंपायला सुरुवात केली. बैल वाईट नव्हता. पायांत वीज होती, छाती रुंद होती. पण चार पावले गेली की त्याची मान उजवीकडे वळे. जन्मभर त्याचा सोबती उजवीकडे होता. तो तिथेच त्याला शोधत राही. तिथे कुणी नसे. वारा असे, काळे ढेकूळ असे, आणि त्या रिकामेपणाकडे तो सगळा छकडा ओढत नेई. पाखऱ्या मग चिडून शिंग मारी. आठ दिवसांत चंद्र्याच्या मानेवर फोड आले आणि सूर्यभानच्या तळहातांची साल निघाली.

नवव्या दिवशी त्याने पाखऱ्याला सोडून दिले. डावीकडच्या रिकाम्या जागेत तो स्वतः वाकला आणि जुवाची ती बाजू त्याने आपल्या खांद्यावर घेतली.

त्यामागे त्याचे गणित होते. बैलाला माणसाचा विश्वास वाटतो. सोबती डावीकडे आहे हे आधी माणसाच्या अंगाने कळू दे, मग तिथे पाखऱ्याला आणता येईल. रोज पहाटे दहिवराने भिजलेल्या वावरात एक माणूस आणि एक बैल एका जुवाखाली चालू लागले. माणसाच्या चालीने, हळूहळू. चंद्र्याची मान उजवीकडे वळू लागली की सूर्यभान त्याच्या डाव्या कानाशी म्हणे, "चंद्र्या, ओ चंद्र्या," आणि बैल थबकून त्याच्याकडे पाही. मग दोघे पुन्हा चालत. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहत. बांधावरून कुणी विचारी, दादा, कडबा टाकू का सरकीची ढेप? म्हातारा नत्थुजी तर रोजचाच. "औंदा पोळ्याले तुमची शिंगं रंगवा लागतीन, सूर्यभान," तो गंभीर चेहऱ्याने म्हणे. "रंग सांगून ठेवजा."

संध्याकाळी गोदाबाई त्याच्या खांद्याला तेल चोळी. तिथे बैलाला पडतो तसा घट्टा पडू लागला होता. तिची बोटे त्यावरून जाताना क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यात त्याला जे ऐकू येई ते नत्थुजीच्या थट्टेहून जड असे.

पण बैल वळला. तीन आठवड्यांनी चंद्र्या स्वतःहून उजवीकडे उभा राहिला, डावीकडे मान झुकवून, वाट पाहत. पाखऱ्याला आणले तेव्हा चंद्र्याने त्याला हुंगले, सहन केले. पहिल्यांदा छकडा सरळ रेघेत धावला त्या सकाळी सूर्यभान वावरातच बसला आणि किती तरी वेळ त्याला उठता आले नाही. जोडी अजून मंद होती. हौशाच्या काळातला वेग तिच्यात नव्हता आणि येणारही नव्हता. पण ती सरळ जात होती. बाकीचे, त्याला वाटले, हाताने भरून काढता येईल.

पटाच्या दिवशी कापसाची पऱ्हाटी उपटून सपाट केलेल्या शेतावर माणूस मावत नव्हता. एका बाजूला पांढरा तंबू, त्यात साहेब, साहेबाशेजारी जरीचा फेटा बांधलेले उत्तमराव. जोडी समोरून नेली तेव्हा साहेब काही तरी बोलले आणि उत्तमरावांचा चेहरा उजळला. सूर्यभानने ते पाहिले नाही. त्याला तंबू नुसता पांढरा दिसत होता.

सकाळची धाव त्याने जिंकली. पलीकडचा धुरकरी हावरा होता. सुरुवातीलाच बैल उधळवून बसला. दुपारची धाव त्याने केवळ हाताच्या कसबाने काढली. तोंड मिटलेले, कासरा बोटांत सुतासारखा, आधी किंचित ढील, मग किंचित ओढ. मानेच्या अंतराने जिंकली. लोकांनी पागोटी उडवली. चंद्र्याच्या नाकातून फेस येत होता, पण मान सरळ होती.

शेवटची धाव दिवस कलताना लागली. शेजारच्या वाटेवर शेषरावांची जोडी होती आणि तिच्यावर पुंजाराम. तीन वर्षांपूर्वी कासरा कसा धरायचा हे त्याने सूर्यभानकडूनच पाहून घेतले होते. तो छकड्यावरून खाली उतरला, सूर्यभानच्या पायाला हात लावला आणि पुन्हा चढला. सूर्यभानने कासरा बोटांत घेतला. समोर सूर्य होता, आणि त्याच्या धुक्याच्या डोळ्यांत तो साऱ्या शेतभर सांडला होता.

झेंडी पडली.

अर्ध्या वाटेपर्यंत जोड्या बरोबरीने होत्या. कानात वारा, चाकांचा खडखडाट, दोन्ही बाजूंना गर्दीचा एकच लांबलचक घोष. सूर्यभानला चंद्र्याची पाठ दिसत नव्हती. ती दोरातून कळत होती. मग शेजारची चाके पुढे सरकल्याचे त्याने ऐकले. एक हात. दोन हात. त्याने बोटांनी दोराला सांगितले, विनवले, आणि दोरातून उत्तर आले की बैलांपाशी आता देण्यासारखे काही उरलेले नाही. एका श्वासात त्याला पुढचे सारे माघ दिसले. हवेत नाव नसलेले, एकामागून एक, रिकामे.

आयुष्यात पहिल्यांदा सूर्यभान छकड्यावर ओरडला.

"चंद्र्या!"

बैल थबकला. तीन आठवडे ती हाक त्याच्या डाव्या कानाशी आली होती, आणि ती आली की थांबायचे, वळून पाहायचे, माणूस शेजारी आहे याची खात्री करायची, एवढेच तो शिकला होता. आज हाक मागून आली. चंद्र्याने भर धावेत मान वळवली आणि मागे आपल्या माणसाला शोधले. पाखऱ्या अडखळला. छकडा तिरपा झाला. सूर्यभानने तो उलटू दिला नाही एवढेच. समोर धूळ उठली होती, आणि धुळीपलीकडे लोक पुंजारामला खांद्यावर घेत होते.

छकडा चालत चालतच शेवटच्या खुणेपाशी पोहोचला. सूर्यभान उतरला आणि जू सोडू लागला. भोवती माणसांचे कडे झाले. नत्थुजीही होता, पण थट्टा कुणी केली नाही. तंबूकडून उत्तमराव आले. साहेबांची मोटार धूळ उडवत अमरावतीच्या वाटेला लागली होती.

"सांग सूर्यभान," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच होता. "गावाच्या म्होरं सांग. खोट बैलात व्हती, का तुयात?"

सूर्यभानने त्यांच्याकडे पाहिले. इतक्या जवळून त्याला त्यांचा चेहरा दिसत होता. घाम आलेला, ओठांच्या कडा किंचित थरथरणाऱ्या. तो माणूस रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. बाजारात कोणी काय विचारले नव्हते, हे आता सूर्यभान म्हणाला असता तर या गर्दीतले लहान पोरही समजले असते. बैल बोलत नाही, त्याच्यावर टाकले असते तर तेही खपले असते. आणि खोट आपल्या त्या हाकेत होती, असे सांगितले असते तर ते कुणालाच समजले नसते.

त्याने दोन्ही कासरे गोळा केले, उत्तमरावांच्या हातात दिले, त्यांची बोटे त्यावर नीट मिटली आहेत हे पाहिले. मग तो वळला. कडे आपोआप उघडले. चंद्र्याने मान उचलून दोन पावले त्याच्यामागे टाकली, तसा उत्तमरावांच्या हातातला दोर ताणला गेला. सूर्यभान उपटलेल्या पऱ्हाटीच्या खड्ड्यांतून, पाय जपून टाकत, नदीच्या दिशेने चालत गेला.